वाऱ्यानं खाल्लेला ‘न’

मी ‘हाय’ म्हणालो होतो.

एवढं एक वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावालाही नाही. आमच्या शिवाजी पेठेत, आमच्या शाळेत आणि दर रविवारी डोंगरात जाणाऱ्या आमच्या मंडळीत सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे, की त्या दिवशी कड्यावर मी ‘न्हाय’ म्हणालो आणि वाऱ्यानं त्यातला ‘न’ खाल्ला. हिंदुराव सरांनी तसं सांगितलं होतं. आणि हिंदुराव सरांनी सांगितलेलं पुन्हा तपासून बघायची आमच्याकडं कुणाला सवय नव्हती.

सर गेल्या थंडीत गेले. शोकसभेत माझं नाव पुकारलं, तेव्हा मी हात जोडून नुसता उभा राहिलो. गळा दाटला असेल, असं लोक म्हणाले. सरांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, तर शेजारणीला सांगून माझ्यासाठी पाणी पाठवलं. ते पाणी मी प्यालो, आणि मला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी त्या कड्यावरसुद्धा वाटली नव्हती.

सर आमच्या हायस्कुलात पी.टी. शिकवायचे, मी गणित. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. बुटके, रुंद, तालमीत घासून मोडलेले कान, आणि त्या कानांच्या मधोमध देवानं चुकून दोन माणसांचा आवाज बसवलेला. एकदा शाळेतली वीज गेली आणि घंटा वाजेना. हेडमास्तर शिपायाला जुनी पितळी घंटा शोधायला लावत होते. तोवर सर व्हरांड्यात आले, कमरेवर हात ठेवले आणि एकदाच ओरडले, “शाळा सुटली रं!”

आमची शाळा सुटली. रस्त्यापलीकडची मुलींची शाळाही सुटली. तिथल्या मोठ्या बाई तणतणत आमच्या ऑफिसात आल्या. सर मान खाली घालून उभे राहिले.

“बाई, चुकलं. उद्यापास्नं तुमच्या शाळंला सोडून वरडतो.”

फुटबॉलच्या हंगामात मैदानावर बोलायला त्यांनाच बोलवायचे. त्यांच्या हातात माईक देतात तो आवाज कमी व्हावा म्हणून, असं पोरं म्हणायची. कुठल्याच तालमीच्या संघाची बाजू त्यांनी कधी घेतली नाही. दोन्हीकडच्यांना सारख्याच शिव्या घालायचे. “आरं, चेंडूला काय इचारतोयस, लाथ घाल की!” हे दोन्ही संघांना लागू असायचं. मधेच मॅच थांबवून, “निळ्या फ्रॉकातली पोरगी हितं माझ्यापाशी हाय, तिचं आईबाप कुठं चहा पीत बसल्यात?” असंही पुकारायचे.

मी मुळात कमी बोलणारा. शाळेत रुजू झालो त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी विचारलं, “काय पावणं, नवीन दिसतायसा. नाव काय?”

मी सांगितलं.

“आं?”

पुन्हा सांगितलं.

“आं?”

तिसऱ्यांदा सांगितल्यावर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. नाव आमीच ठेवतो.” आणि ठेवलं. तेव्हापासून मी मुके मास्तर. माने सर हे नाव फक्त पगारपत्रकावर राहिलं.

रविवारच्या मंडळीत मला त्यांनीच ओढलं. एक शिंपी, दवाखान्यातल्या दोन सिस्टर, एक दूधवाले, आमच्या शाळेतले तिघं-चौघं, आणि बँकेतून निवृत्त झालेले सबनीस काका. कधी जोतिबा, कधी पन्हाळ्याच्या मागची पठारं, पावसाळ्यात गगनबावड्याकडचे कडे. सर कायम पुढं. पांढरी टोपी, टोपीवरून हनुवटीखाली बांधलेला रुमाल. खिशात भडंगाची पुडी. वाऱ्यात भडंग खायची त्यांची एक पद्धत होती. पुडी सदऱ्याच्या आत सोडायची, मान आत घालायची आणि कासवासारखं आतल्या आत खायचं. बाहेरून फक्त टोपी हलताना दिसायची. सिस्टर हसून हसून खाली बसायच्या.

“हसतासा काय? तुमचं भडंग कोकणातली कोंबडी खात्यात, माझं मी खातोय.”

त्यांचे नियम थोडे होते, पण मोडलेले चालायचे नाहीत. सगळ्यात मोठा नियम वाऱ्याचा. वाऱ्यात तोंडानं ‘हाय’, ‘न्हाय’ म्हणायचं नाही. हात दाखवायचा. ‘हाय’ असेल तर हात सरळ वर. ‘न्हाय’ असेल तर उभ्या जागी खाली बसायचं. नव्या माणसाला ते हे समजावून सांगायचे, वर्गात सांगावं तसं.

“न्हायमधला न लई हलका बगा. वारा आला की त्यो पयला उडतोय. मग मागं काय उरतंय? हाय! म्हंजे उलटंच की. आमचं लगीन असंच झालंय.”

लग्नाची गोष्ट मग आलीच. ती मी इतक्यांदा ऐकली आहे की कुठं थांबून श्वास घेतात तेही सांगेन. उचगावला मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, आणि सर दोस्तांबरोबर मागच्या शेतात बांधावर जाऊन उभे राहिले. मामांनी अंगणातून हाक मारली, “हिंदबा, पोरगी पसंत हाय का रं?” सर म्हणाले, “न्हाय,” म्हणजे अजून न्हाय, जरा दमानं घ्या, असं त्यांना म्हणायचं होतं. पण वारा सुटलेला. मामांना ‘हाय’ ऐकू आलं आणि बांधावरून परत येईतो साखर वाटून झाली.

“आता वाटलेली साखर परत मागायची व्हय?”

वहिनी घरात असल्या तर आतून आवाज यायचा, “मागायची की! मी दिली असती.”

पेठेत ही गोष्ट सगळ्यांना पाठ. वहिनींना लोक गमतीनं ‘वाऱ्यावरची वरात’ म्हणायचे आणि त्या कुणालाही सोडायच्या नाहीत.

आमच्या मंडळीत पुढं सर, आणि सगळ्यात मागं जो चालेल तो ‘शेपूट’. मागं कुणी राहिलं नाही हे बघायचं शेपटानं. सरांनी ते काम मला दिलं. कुणीतरी चिडवलं, “मास्तरांचं शेपूट केलंसा की ओ!” तर सर म्हणाले, “शेपूट नसलंलं जनावर माशाच खाऊन मारत्यात. आन् हे मुके मास्तर बोलत न्हाईत, म्हंजे बगत्यात. माझा भरवसा हाय.”

तो भरवसा मला आवडला होता. पण शेपटाचं एक असतं, त्याला शेवटचं मिळतं. मी कड्यावर पोचेपर्यंत पुढच्यांचं बघून, खाऊन, फोटो काढून झालेलं असायचं. ते उठायचे तेव्हा मी टेकायचो. याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. कुरकुर करायलाही बोलावं लागतं.

गगनबावड्याकडं एक कडा आहे. गावातले लोक त्याला वेगळ्या नावानं ओळखतात, आम्ही टोपीचा कडा म्हणायचो. कड्याखाली एकदम कोकण. जोराचा वारा असला की खालून असा उसळतो, की सर कड्यापासून हातभर मागं पालथे पडून आपली टोपी कोकणात भिरकवायचे आणि टोपी परत यायची. कधी डोक्यावरून मागं जाऊन पडायची, कधी हवेतच थोडा वेळ उभी राहायची, जणू घरी जावं की न जावं याचा विचार चाललाय. सोमवारी स्टाफरूममध्ये त्याची वर्णनं चालायची. मी ऐकायचो. मंडळीतल्या प्रत्येकानं टोपी परत येताना बघितली होती, माझ्याशिवाय. मी पोचायचो तेव्हा ती सरांच्या डोक्यावर असायची, रुमालानं बांधलेली.

तो श्रावणातला रविवार. पाऊस नव्हता, पण वारा असा की गाडीचं दार उघडायला दोघं लागले. सर उतरले आणि म्हणाले, “आज पाऊस रजेवर हाय, वारा एकटाच कामावर. टोपी यील आज!” मग सगळ्यांना जवळ घेऊन, जवळजवळ डोकी एकमेकांना लावून, त्यांनी ओरडून सांगितलं की कड्यावर जास्त थांबायचं नाही, बघायचं आणि मागं फिरायचं. ते ऐकलं आणि टोपी बघायची आजही हुकणार, हे मनाला लागलं. चाळिशी गाठलेला माणूस मी, शाळेत पोरांना समीकरणं सोडवायला शिकवणारा. आणि दुखत होतं ते एका टोपीसाठी.

पठारावर आम्ही वाकून चालत होतो. गवत सगळं एका बाजूला निजलेलं. पुढं कारवीचं दाट रान होतं, त्यातून वाट, आणि रान संपलं की उघडा कातळ कड्यापर्यंत. माझ्यापुढं सबनीस काका. काका मूळचे कुरुंदवाडचे आणि जगातल्या प्रत्येक जागेची तुलना कुरुंदवाडशी करायचे. “जागा छान आहे हो माने, पण आमच्या संगमावर संध्याकाळी जे वातावरण असतं ना...” असं ते दर थांब्यावर म्हणायचे, आणि त्यांचे थांबे खूप असायचे. त्या दिवशी कारवीत शिरल्यावर त्यांच्या बुटाचा तळ सुटला. ते एका दगडावर बसले, पिशवीतून सुतळी काढली आणि सावकाश बूट बांधू लागले.

मी उभा राहिलो. कारवीच्या पलीकडून पुढच्यांच्या आरोळ्या येत होत्या.

“अहो माने, तुम्ही व्हा पुढे. मी हा आलोच.”

“नको, थांबतो.”

“व्हा हो! मी काय लहान आहे?”

शेपटानं पुढं व्हायचं नसतं. मी झालो. काका येतीलच, वाट एकच आहे, असं मी स्वतःला सांगितलं. वाट एकच नव्हती. गुरांच्या वाटा तिथं डावीकडं ओढ्यात उतरतात. ते मला माहीत होतं.

रानातून बाहेर आलो तर समोर उघडा कातळ, पुढं मान खाली घालून चालणारी मंडळी, आणि थेट कड्यापाशी सर. ते माझ्याकडं तोंड करून उभे होते. हातांचा कर्णा करून त्यांनी नेहमीची हाक दिली. वारा त्यांच्याकडून माझ्याकडं येत होता, त्यामुळं मला शब्द न् शब्द ऐकू आला.

“शेपूट! सगळं हाय का?”

मी खाली बसायला हवं होतं. बसलो असतो तर सगळे जागच्या जागी थांबले असते, मला परत पाठवलं असतं, आणि काकांना घेऊन मी येईतो टोपी पुन्हा रुमालाखाली गेली असती. हे सगळं माझ्या डोक्यात त्या वेळी असं ओळीनं आलं नाही. माझ्या तोंडून ‘हाय’ निघालं. इतकं हळू, की वारा नसता तरी ते दोन हातांवर ऐकू गेलं नसतं.

पण मी हात वर केला होता. सरळ, वर.

आमच्या मंडळींच्या माना खाली होत्या. तो हात एकट्या सरांनी बघितला.

मग मी पळालोच. कातळावरून, वाऱ्याला छाती देत, पहिल्यांदा वेळेवर पोचलो. सर पालथे पडले होते, सगळे त्यांच्या मागं बसलेले. त्यांनी रुमाल सोडला, टोपी काढली, मान वळवून बघितलं आणि मला बघून त्यांचा चेहरा उजळला. “आलासा? आज शेपूट म्होरं! मास्तर, ही तुमच्या नावानं!” आणि टोपी कोकणात गेली.

ती खाली गेली, इतकी खाली की पांढरा ठिपका उरला. मग ठिपका थांबला. मग तो मोठा होऊ लागला. टोपी आमच्या समोर आली, आमच्या उंचीला, आणि हवेत फिरत उभी राहिली. मग ती आमच्या डोक्यावरून मागं गेली आणि कातळावर गडगडत निघाली, आणि आम्ही सगळे शाळा सुटल्यासारखे तिच्यामागं धावलो. मी सगळ्यांत पुढं. मी ओरडत होतो. मला एवढा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. टोपी मीच पकडली.

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा क्षण होता, असं म्हणालो तर ते खरं आहे. आणि तेच मला सहन होत नाही.

टोपी माझ्या हातून घेऊन सर परतायच्या आधीची मोजदाद करू लागले. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपीनं टपली मारत नाव घ्यायची त्यांची पद्धत. शिंपी, दूधवाले, सिस्टर, सिस्टर. शेवटी माझ्या डोक्यावर टपली बसली आणि टोपी हवेतच राहिली.

“काका कुठं हायत?”

“येतायत,” मी म्हणालो. “मागं बूट बांधत होते.”

सरांनी माझ्या तोंडाकडं नाही बघितलं. माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. फार वेळ नाही. मग टोपी डोक्यावर घातली, रुमाल बांधला आणि म्हणाले, “चला.”

तेवढ्यात धुकं आलं. तिथं ते असंच येतं, खालून, कुणीतरी दार उघडल्यासारखं. कारवीतल्या दगडावर काका नव्हते. सुतळीचा एक तुकडा पडलेला होता. सरांनी दूधवाल्यांना आणि शिंप्याला बरोबर घेतलं. मीही निघालो, तर मागं न बघता म्हणाले, “तुमी हितंच थांबा. मानसं धरून ऱ्हावा.”

सरांचा आवाज डोंगरात फिरत होता. “काका! ओ काका!” रस्त्यापलीकडची शाळा सोडणारा आवाज तो, पण त्या दिवशी वारा त्याच्या चिंध्या करत होता. फोनला रेंज नव्हती. सिस्टर माझ्या शेजारी उभ्या होत्या. “तुम्ही तर शेवटी होता ना?” धाकट्या सिस्टरनं विचारलं. मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते आठवत नाही.

काका गुरांच्या वाटेनं ओढ्यात उतरले होते. चुकलो हे कळल्यावर शहाण्या माणसासारखे एका जागी बसले आणि डब्याच्या झाकणावर चमचा वाजवत राहिले. तो चमचा सरांना ऐकू आला. ते घाईनं उतरले, शेवाळावरून पाय सुटला आणि खाली आपटले. आम्हाला वर धुक्यातून फक्त त्यांची आरोळी आली.

“हाय! काका हाय! काका हाय रं!”

आम्ही टाळ्या वाजवल्या. सिस्टर रडायला लागल्या. मी कारवीच्या बुंध्याला धरून देवाचं नाव घेतलं आणि मनात म्हणालो, सुटलो. ती आरोळी देताना सरांचा पाय गुडघ्याखाली भलत्या दिशेला वळलेला होता, हे शिंपी धावत वर आला तेव्हा कळलं.

खालच्या वाडीतल्या लोकांनी घोंगड्याची डोली करून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं. वाटेत ते डोलीवाल्यांना विचारत होते, “पावणं, लई जड हाय न्हवं मी? पोटात भडंग हाय, हवाच हाय नुसती.”

कोल्हापुरात दवाखान्यात पोचलो तर काकांचा मुलगा आधीच आलेला. वडिलांना खरचटलंसुद्धा नव्हतं. तरी त्यानं कॉरिडॉरमध्ये आवाज चढवला, “म्हाताऱ्या माणसाला मागे टाकून जाता? सगळ्यात शेवटी कोण होतं? मला नाव सांगा!”

सगळे माझ्याकडं वळले. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण स्ट्रेचरवरून सरांचा आवाज आला आणि नर्सच्या हातातला ट्रे हलला.

“ओ पावणं, हिकडं या. हिकडं. मी सांगतो. मास्तर न्हायच म्हणालंते. वाऱ्यानं न खाल्ला. मला हाय ऐकू आलं आन् मी गाढवावानी म्होरं गेलो. नियम कुणाचा? माझा. हात कुणी बगाय पायजे होता? मी. काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या, ह्यो पाय तसाबी ठणकतोयच.”

काका पुढं होऊन म्हणाले, “अरे, मीच त्यांना पुढे घालवलं,” आणि डोळे पुसू लागले. तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांना कुणीतरी झाला प्रकार सांगितला. त्या रडत होत्या, आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं.

“म्हंजे परत वाऱ्यानंच घात केला व्हय?”

झालं. सगळे हसले. पेठेला लग्नाची गोष्ट पाठ होती, त्या गोष्टीत ही गोष्ट चपखल बसली, आणि कुणाला काही शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. मीही हसलो असेन. मी सरांकडं बघत होतो, सर छताकडं.

पायात सळी घातली. गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. मैदानावर बोलायला ज्या मचाणावर चढावं लागतं तिथं त्यांना चढता येईना, म्हणून पहिल्याच हंगामात त्यांनी माईक सोडला. डोंगर तर संपलाच. उरलेली नोकरी त्यांनी खुर्चीत बसून, शिट्टी वाजवत केली. काका त्यानंतर रविवारी कधी आले नाहीत. दर दिवाळीला सरांना फराळाचा डबा द्यायचे. आपल्या बुटापायी एका माणसाचा पाय गेला, हे मनात घेऊनच ते वारले. त्यांच्या दिवसांना मी गेलो होतो. त्यांच्या मुलानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, “त्या दिवशी तुमच्यावर उगाच संशय घेतला.”

आणि ‘वाऱ्यानं न खाल्ला’ ही पेठेची म्हण झाली. उधारी बुडवली, निरोप विसरला, पोरगा नापास झाला, की वाऱ्यानं न खाल्ला. शाळेतली पोरं सरांच्या पाठीमागं म्हणायची, पुढं पुढं तोंडावर म्हणू लागली. “सर, हजेरी घेतासा? वारा न्हाय न्हवं?” सर शिट्टी फेकून मारायचे आणि हसायचे. मीही तिथंच असायचो, शेजारच्या वर्गात, फळ्याकडं तोंड करून.

मंडळी पुढं कोण चालवणार, असा प्रश्न आला तेव्हा सरांनी खुर्चीतून सांगितलं, “आता म्होरं मुके मास्तर.” मी नाही म्हणालो. “का? शेपटाला तोंड कुटं असतंय, ते बगायचं हाय लोकास्नी. व्हा म्होरं.” तेव्हापासून मी पुढं चालतो. नवी माणसं येतात, तरुण पोरं-पोरी, आता फोनवर ग्रुप आहे. प्रत्येक नव्या माणसाला मी हाताचा नियम शिकवतो. आणि तो का पाळायचा हे समजावं म्हणून, दर वेळी, त्या दिवसाची गोष्ट सांगतो. मी ‘न्हाय’ म्हणालो होतो, असं. सरांनी ते खोटं एकदा उच्चारलं, तेही पाय मोडलेला असताना. मी ते सुरळीत, बारकाव्यांसकट, वर्षानुवर्षं शिकवतो आहे. धड्यासारखं.

एकदा मी सांगायला गेलो होतो. दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं. वहिनी आत होत्या. मी म्हणालो, “सर, त्या दिवशी...”

“भडंग खावा,” सर म्हणाले.

“नाही, ते कड्यावर मी...”

“मास्तर, भडंग खावा. मऊ पडतंय.”

मी भडंग खाल्लं. त्यांनी मला वाचवलं असं मी कितीतरी दिवस समजत होतो. आता वाटतं, त्यांनी फक्त पहिल्यांदा दरवाजा लावला होता. दुसऱ्यांदा ठोठावलं असतं तर उघडला असता. मी ठोठावलं नाही. जाणंही कमी केलं.

शेवटचा गेलो तो ते बरेच थकले होते तेव्हा. गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले, अंगावर शाल, डोक्यावर तीच टोपी, आता सैल. आवाज बारीक झालेला. वहिनींनी चहा आणला. बोलता बोलता कशावरून तरी लग्नाची गोष्ट निघाली आणि मी, काहीतरी बोलायचं म्हणून, म्हणालो, “तो वारा नसता तर वहिनी, तुमचं लग्न झालं नसतं.”

वहिनी कपबशी ठेवून हसायला लागल्या.

“अवो भावजी, कसला वारा! वैशाखाचं दीस, झाडाचं पान हालत नव्हतं. मी खिडकीत हुबी हुती की. मामांनी इचारलं आन् ह्यांनी जी बोंब मारली, हाय! हाय म्हणून, सगळ्या गावानं ऐकली. मग दोस्त चिडवाय लागले, हुरळला हुरळला म्हणून. लाज वाटली, मग घातला वाऱ्यावर आळ.”

मी सरांकडं बघितलं. ते शालीच्या आत हसत होते, पूर्वी सदऱ्यात भडंग खाताना हलायचे तसे.

“वाऱ्यावर कसलाबी आळ घालावा, मास्तर,” ते म्हणाले. “त्यो बिचारा भांडाय येत न्हाय.”

आणि त्यांनी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. कप होता त्यात. वहिनी आत गेल्या होत्या. आम्ही दोघंच होतो, रस्त्यावर रहदारी होती, आणि मला बोलायला त्यांनी याहून जास्त जागा करून द्यायची तरी किती? मी कप खाली ठेवला, पाया पडलो आणि निघालो.

खाली रस्त्यावर आलो. पलीकडं कुणाच्या तरी लग्नाचा बँड वाजत होता, गाड्या हॉर्न देत होत्या. तेवढ्यात वरून हाक आली. बारीक झाला होता तरी त्यांचाच आवाज, बँडवरून, हॉर्नवरून सरळ माझ्यापर्यंत.

“शेपूट! सगळं हाय का?”

मी वर बघितलं. कठड्याला धरून ते उभे राहिले होते. मोडक्या पायावर, कुणाचा आधार न घेता. टोपी जरा वाकडी. आवाज करून उपयोग नाही एवढा गोंगाट होता, आणि नियम आम्हा दोघांनाही माहीत होता. रस्त्यात, त्या गर्दीत, मला फक्त खाली बसायचं होतं.

मी हात वर केला.

ते थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनीही आपला हात वर केला, आणि तो निरोपाचा होता असं मी घरी जाईपर्यंत स्वतःला समजावत राहिलो.

आता हे लिहून काढलं आहे, पण लिहिणं म्हणजे पुन्हा मुक्यानंच बोलणं झालं. मंडळी अजून त्या कड्यावर जाते. वहिनींनाही एकदा तिथं यायचं आहे, ती टोपी घेऊन. तिथं सगळ्यांच्या देखत, वारा असो नसो, मला खाली बसायचं आहे आणि त्या दिवशी मी ‘हाय’ म्हणालो होतो हे वहिनींना सांगायचं आहे. मी सरांचं एवढं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.